तरुणांच्या छातीतले दुखणे : ‘गॅस’ म्हणण्याआधी तापाची चौकशी करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विशी-तिशीतल्या मुलांना हृदयविकाराचा झटका आल्याच्या बातम्या अलीकडे वरचेवर वाचायला मिळतात. त्यांचा एक चांगला परिणाम झाला आहे. छातीत दुखू लागले की लोक आता घरी अंगावर काढत नाहीत, जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन ईसीजी काढून घेतात. मात्र पट्टीत काही दिसले नाही की चौकशी तिथेच संपते. ‘हार्टचे काही नाही, गॅस असेल’ किंवा ‘उसण भरली असेल’ असे म्हणून पँटोप्रॅझोल या आम्लपित्तावरच्या औषधाचे इंजेक्शन आणि वेदनाशामक गोळ्या देऊन मुलाला घरी पाठवले जाते. बहुतेक वेळा हे निदान बरोबरही ठरते, कारण या वयात छातीत दुखते ते मुख्यतः स्नायूंमुळे, बरगड्यांच्या सांध्यांमुळे आणि आम्लपित्तामुळे. पण झटका आणि गॅस यांच्या मधे जंतुसंसर्गाने होणाऱ्या आजारांचा एक गट आहे, त्याकडे फारसे कोणी बघत नाही. हे आजार विरळ आहेत. वेळेत सापडले तर बहुतेक पूर्ण बरे होतात, उशीर झाला तर जिवावर बेततात. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत गोव्यात त्यांचा विचार जास्तच करावा लागतो. म्हणून हे सविस्तर पत्र.

यातले बहुतेक आजार हेरायला महागडे यंत्र लागत नाही, दोन प्रश्न लागतात. पहिला प्रश्न असा : आता ताप आहे का, किंवा गेल्या तीन आठवड्यांत ताप, घसादुखी, जुलाब असे काही होऊन गेले का? तीन आठवडे म्हणण्यामागे कारण आहे. विषाणूचा ताप किंवा जुलाब होऊन गेल्यावर एक-दोन आठवड्यांनी हृदयाच्या आवरणाला सूज येऊ शकते. घशातला विशिष्ट जंतू साधारण आठवड्याभरात फुप्फुसात पोहोचतो. रानात-झुडपांत चावलेल्या किडीमुळे येणारा स्क्रब टायफसचा ताप दहा-बारा दिवसांनी चढतो. ‘आता ताप नाही’ असे रुग्ण सांगतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो, पण बऱ्याचदा त्याने तीन तासांपूर्वी पॅरासिटामॉल घेतलेली असते. म्हणून शेवटची गोळी कधी घेतली, हेही विचारले पाहिजे.

दुसरा प्रश्न : दुखणे कशाने वाढते आणि कशाने कमी होते? खोल श्वास घेताना, खोकताना, शिंकताना चमक येत असेल तर फुप्फुसाचे, हृदयाचे किंवा यकृताचे आवरण सुजलेले असू शकते. उताणे झोपल्यावर वाढत असेल आणि उठून पुढे वाकून बसल्यावर उतरत असेल तर संशय हृदयावरणाचा. घास गिळताना कळ येत असेल तर अन्ननलिकेचा. चढाव चढताना दाटून येऊन थांबल्यावर सुटत असेल तर मात्र वय कितीही असो, रक्तवाहिन्यांचाच विचार आधी करायचा. ‘दाबल्यावर दुखते, म्हणजे स्नायूच’ हा समजही सोडायला हवा. यकृतात पू झालेला असला तर उजव्या खालच्या बरगड्यांमधली जागा बोटाने दाबल्यावर रुग्ण कळवळतो, आणि नागीण उठण्याआधी तर त्या पट्ट्यातल्या त्वचेला कपडा लागलेलाही सोसत नाही.

आता हृदयावरणाच्या सुजेविषयी, म्हणजे पेरिकार्डायटिसविषयी. ती तरुणांत, विशेषतः पुरुषांत, जास्त दिसते. दुखणे छातीच्या मधोमध किंवा डाव्या बाजूला, टोचणारे, कित्येकदा मानेच्या मुळाशी खांद्याच्या वरच्या कडेपर्यंत जाणारे. रुग्ण रात्री उशांची चळत पाठीशी घेऊन बसून झोपतो. ही एक खूण घरच्यांनी सांगितली तरी डॉक्टरांचे अर्धे काम होते. तपासताना त्याला पुढे वाकायला सांगून, श्वास पूर्ण सोडायला लावून, छातीच्या हाडाच्या डाव्या खालच्या कडेला स्टेथोस्कोप जरा दाबून धरायचा. नव्या चामडी चपलेसारखी करकर ऐकू येते. ती सकाळी असते आणि दुपारी नसते, म्हणून एकदा ऐकू आली नाही तर पुन्हा ऐकायची. ही करकर, ठरावीक प्रकारचे दुखणे, ईसीजीतले बदल आणि इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाभोवती नव्याने साचलेले पाणी, या चारांतल्या दोन गोष्टी मिळाल्या की निदान पक्के धरतात. म्हणजे ईसीजी साफ असूनही पेरिकार्डायटिस असू शकतो.

ईसीजीच्या बाबतीत एक उलटा धोकाही आहे. आपल्या राज्यात स्टेमी-गोवा या झटक्यावरच्या तातडीच्या उपचारांच्या व्यवस्थेमुळे प्राथमिक आरोग्य केंद्रातून पाठवलेली पट्टी तज्ज्ञ लगेच वाचतात आणि झटका असेल तर रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध तिथेच देता येते. या व्यवस्थेने लोकांचे जीव वाचतात, याबद्दल दुमत नसावे. पण पेरिकार्डायटिसमध्येही पट्टीतला एसटी भाग वर उचललेला दिसतो. फरक असा की झटक्यात तो हृदयाच्या एका भागापुरता उचलला जातो आणि समोरच्या भागाच्या लीड्समध्ये, म्हणजे त्या बाजूने हृदय पाहणाऱ्या ईसीजीच्या आलेखांत, खाली जातो. पेरिकार्डायटिसमध्ये तो जवळजवळ सगळ्याच लीड्समध्ये, खोलगट आकारात उचललेला असतो, त्याबरोबर पीआर भाग खाली गेलेला असतो, आणि एव्हीआर लीडमध्ये हेच सगळे उलटे दिसते. सूज असलेल्या हृदयावरणात गुठळी विरघळवणारे औषध गेले तर तिथे रक्त साचू शकते. म्हणून पंचविशीतल्या मुलाची पट्टी पाठवताना सोबत ‘आठवड्यापूर्वी ताप, झोपल्यावर दुखणे वाढते’ एवढी एक ओळ पाठवली, तर पट्टी वाचणाऱ्याचा निर्णय बदलू शकतो. ही ओळ लिहायला अर्धा मिनिट पुरतो.

उपचार साधा आहे, पण तो अर्धवट सोडला जातो. आयबुप्रोफेन किंवा अॅस्पिरिन पुरेशा मात्रेत, सोबत पोटाचे रक्षण करणारी गोळी, आणि कोल्चिसिन : वजन ७० किलोपेक्षा कमी असेल तर अर्धा मिलिग्रॅम दिवसातून एकदा, जास्त असेल तर दोनदा, तीन महिने. दुखणे चार दिवसांत थांबते म्हणून लोक कोल्चिसिनही थांबवतात. हा आजार पुन्हा उलटण्याची खोड असलेला आहे आणि पूर्ण तीन महिने कोल्चिसिन घेतल्याने उलटण्याचे प्रमाण सुमारे निम्म्यावर येते, हे कोणी तरी समजावून सांगायला हवे. झटपट आराम पडावा म्हणून ‘डेक्सा’चे, म्हणजे स्टिरॉइडचे, इंजेक्शन मारणे इथे नुकसानीचे आहे. स्टिरॉइडने दुखणे लगेच शमते, पण आजार वारंवार उलटतो, आणि मुळात क्षयरोग असेल तर तो झाकला जातो. आपल्या देशात हृदयावरणाच्या सुजेचे कारण क्षयरोग असू शकतो, हे विसरून चालत नाही. आठवडेच्या आठवडे संध्याकाळचा ताप, वजनात घट आणि इकोमध्ये बरेच पाणी, असे असेल तर केवळ आयबुप्रोफेनवर समाधान मानायचे नाही. आणखी एक सावधगिरी आपल्याकडच्या पावसाळ्यासाठी : डेंग्यूची शंका फिटेपर्यंत आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अॅस्पिरिन यांतले काहीही नको, फक्त पॅरासिटामॉल. डेंग्यूत प्लेटलेट उतरलेल्या असताना या गोळ्यांनी रक्तस्राव होतो.

सूज आवरणापुरती न राहता हृदयाच्या स्नायूत उतरली की तिला मायोकार्डायटिस म्हणतात. इथे दुखण्यापेक्षा धाप, धडधड आणि गळून गेल्यासारखे वाटणे जास्त असते. महत्त्वाची खूण म्हणजे तापाच्या मानाने नाडी फार जलद असणे : शरीर ९९ अंश आणि नाडी १३० असे आकडे जुळत नाहीत तेव्हा ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचे दाखवणारी रक्तचाचणी) आणि इको करायलाच हवे. पहिली ट्रोपोनिन चाचणी दुखणे सुरू झाल्यावर लगेच केली असेल तर ती खोटा दिलासा देते. ती काही तासांनी पुन्हा करावी लागते, ईसीजीही पुन्हा काढावा लागतो. गावोगावच्या फुटबॉल स्पर्धांच्या आयोजकांना आणि प्रशिक्षकांना इथे आमची कळकळीची विनंती आहे. ताप असलेल्या किंवा ताप नुकताच उतरलेल्या मुलाला ‘एवढी एकच मॅच’ म्हणून मैदानात उतरवू नका. सुजलेल्या हृदयावर पळापळीचा ताण आला की ठोक्यांची लय बिघडून खेळाडू मैदानावरच कोसळू शकतो. मायोकार्डायटिसचे निदान झालेल्या मुलाने तीन ते सहा महिने स्पर्धात्मक खेळ आणि जड व्यायाम बंद ठेवायचा असतो, आणि परत सुरू करण्याआधी इको, चोवीस तासांचे होल्टर (अंगावर लावून सतत चालणारा ईसीजी) आणि ट्रेडमिल चाचणी करून घ्यायची असते. मुलाला बरे वाटते म्हणून त्याला सोडून देणे पुरेसे नाही.

सर्वांत कमी ओळखला जाणारा आजार घशातून सुरू होतो. फ्रेंच डॉक्टर आंद्रे लेमिएर यांनी १९३६ साली त्याचे नेमके वर्णन केले. तेव्हा अँटिबायोटिक नव्हती आणि त्यांनी वर्णन केलेल्या २० रुग्णांपैकी १८ दगावले होते. आज औषधे आहेत, निदान मात्र सुचावे लागते. घडते ते असे : सोळा ते पंचवीस वयाचा, एरवी ठणठणीत मुलगा किंवा मुलगी. घसा दुखतो, टॉन्सिल सुजतात, दोन-तीन दिवसांत जरा बरे वाटते. मग चार-पाच दिवसांनी दात वाजवणारी हुडहुडी भरून ताप, मानेच्या एकाच बाजूला, जबड्याच्या कोनाखाली, दुखरा ताठरपणा, आणि पाठोपाठ श्वास घेताना छातीत चमक. घशात राहणारा फ्युसोबॅक्टेरियम नावाचा, प्राणवायूशिवाय वाढणारा जंतू मानेतल्या मोठ्या नीलेत शिरतो, तिथे गुठळी करतो आणि त्या गुठळीचे पुवाळलेले तुकडे रक्तावाटे फुप्फुसात जाऊन अडकतात. एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांच्या कडेकडेने गोल डाग दिसतात, काहींच्या मधे पोकळी असते. ते पाहून क्षयरोग किंवा साधा न्यूमोनिया समजला जातो.

घसा दुखला की फार्मसीत जाऊन अॅझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची पट्टी मागायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. हा जंतू त्या गोळीला सहसा दाद देत नाही. त्यामुळे ‘अँटिबायोटिक घेतले आहे, म्हणजे घशाचा प्रश्न मिटला’ हा हिशेब चुकतो. त्याला पेनिसिलिन गटातले औषध बीटा-लॅक्टमेज रोधकासह (जंतूला पेनिसिलिन निकामी करू न देणाऱ्या औषधासह) किंवा मेट्रोनिडॅझोलसोबत लागते, आधी शिरेतून, आणि एकूण तीन ते सहा आठवडे. निदानासाठी मानेची डॉपलर सोनोग्राफी किंवा कॉन्ट्रास्ट घालून मान व छातीचा सीटी स्कॅन, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे रक्ताचे कल्चर (रक्तातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहणे). त्यात अनेरोबिक (प्राणवायूविरहित) बाटली वापरली तरच हा जंतू वाढतो, आणि वाढायलाही कधी पाच-सात दिवस लागतात. दोन दिवसांत ‘काही उगवले नाही’ असा अहवाल आला म्हणून विषय बंद करू नये. साध्या घसादुखीत असे होण्याची शक्यता फार कमी आहे, पालकांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. लक्षात ठेवायचा आहे तो क्रम : घसा, मग हुडहुडी, मग मानेची एक बाजू, मग छाती. या क्रमाने जाणारे दुखणे घरी ठेवायचे नाही.

क्षयरोगाला विरळ कोणी म्हणणार नाही, पण तरुणांत तो ज्या रूपात येतो ते रूप सहज निसटते. खोकल्यातून बेडका नाही, रक्त नाही, थुंकीची तपासणी निगेटिव्ह. फक्त एका बाजूला बरगडीत चमक, कोरडा खोकला, संध्याकाळची कसर आणि भूक मेलेली. फुप्फुसाच्या आवरणाला सूज येऊन हळूहळू तिथे पाणी भरते. गंमत वाटेल, पण पाणी भरत जाते तसे दुखणे कमी होते, कारण एकमेकांवर घासणारे दोन पदर पाण्याने वेगळे होतात. रुग्णाला वाटते गोळ्यांनी गुण आला. पुढे उपचाराशिवायही हे पाणी काही आठवड्यांत-महिन्यांत ओसरू शकते, आणि खरा घात इथेच होतो : अशा उपचार न झालेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणांना पुढच्या पाच वर्षांत फुप्फुसाचा किंवा दुसऱ्या अवयवाचा क्षय होतो, हे जुन्या पाहण्यांतून दिसलेले आहे.

म्हणून एका बाजूला दोन आठवड्यांहून जास्त दुखत असेल आणि ताप किंवा वजनात घट असेल तर उभ्याने काढलेला छातीचा एक्स-रे हवाच. समोरून काढलेल्या एक्स-रेत सुमारे २०० मिलिलिटरपेक्षा कमी पाणी दिसत नाही, सोनोग्राफीत त्याहून बरेच कमी पाणीही सापडते. सापडले की सुईने थोडे काढून तपासायचे, पन्नास-साठ मिलिलिटर पुरते. ‘पाणी काढले की फुप्फुस फुटते’ अशी भीती घरच्यांना असते. सोनोग्राफीत जागा पाहून सुई घातली तर हा धोका अगदी कमी राहतो. गवताच्या काडीच्या रंगाचे पाणी, प्रथिने जास्त, पेशींत लिम्फोसाइटचे प्राबल्य आणि एडीए (क्षयात वाढणारे एक एन्झाइम) ४० युनिटच्या वर, असे जुळून आले तर क्षयरोगाची शक्यता दाट. वेर्णा इथे तयार होणारी, क्षयाच्या जंतूचे जनुक शोधणारी ट्रूनॅट चाचणी २०२० पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत आहे, थुंकीसाठी ती उत्तम. परंतु छातीतल्या पाण्यात जंतू इतके थोडे असतात की ट्रूनॅट काय किंवा तशीच सीबीनॅट काय, निगेटिव्ह आली तरी क्षयरोग नाही असे म्हणता येत नाही. उलट, निदान होण्याआधी लिव्होफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक दिले की क्षयाचे जंतू काही दिवस दबतात, ताप उतरतो आणि निदान महिनाभर लांबते. औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात, साधारण सहा महिने घ्यावी लागतात, आणि नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिन्याला १००० रुपये रुग्णाच्या खात्यात जमा होतात. नोकरीसाठी बाहेर जायचे आहे, लग्न ठरायचे आहे, म्हणून नाव नोंदवायला टाळणारी मुले-मुली आहेत. त्यांच्या घरच्यांना आम्ही एवढेच सांगू की आवरणाचा क्षय शिंकण्या-खोकण्यातून सहसा इतरांना लागत नाही, कारण जंतू बाहेर पडतच नाहीत. फक्त फुप्फुसाच्या आतही आजार आहे का, ते थुंकी तपासून पाहून घ्यावे.

छातीत दुखते तेव्हा कारण छातीतच असते असे नाही. उजव्या बाजूला खालच्या बरगड्यांत दुखणे, उजव्या खांद्यात कळ, हुडहुडी, खोल श्वास घेता न येणे, आणि एक्स-रेत छाती व पोट यांमधला पडदा उजवीकडे वर सरकलेला, हे चित्र वीस ते पंचेचाळीस वयाच्या पुरुषात दिसले तर यकृतातला अमिबाचा पू शोधायचा. नियमित दारू पिणाऱ्यांत, विशेषतः सूर (माडी) पिणाऱ्यांत, याचे प्रमाण जास्त असल्याचे केरळ-श्रीलंकेकडच्या डॉक्टरांनी नोंदवले आहे. शौचाच्या तपासणीत अमिबा बहुधा सापडत नाही, जुलाब झाल्याचेही रुग्णाला आठवत नाही. पोटाची सोनोग्राफी मात्र पाच मिनिटांत निकाल देते. उशीर झाला तर हा चॉकलेटी रंगाचा पू पडदा फोडून छातीत उतरतो, यकृताच्या डाव्या भागातला असेल तर हृदयावरणातही. मेट्रोनिडॅझोल सात ते दहा दिवस दिल्यावर ताप जातो, पण आतड्यात दडलेल्या अमिबासाठी डायलॉक्सानाइडसारखे दुसरे औषध दहा दिवस घ्यायचे राहून जाते आणि पू परत होतो.

तरुण स्त्रियांत अशाच उजव्या बरगडीखालच्या चमकेचे एक कारण ओटीपोटातला संसर्ग असतो. क्लॅमिडिया किंवा गनोरियाचा संसर्ग गर्भाशय व नलिकांतून वर चढतो आणि यकृताच्या आवरणाला सूज आणतो. पित्ताशयाची सोनोग्राफी साफ येते आणि बाईला ‘टेन्शन आहे’ असे सांगून परत पाठवतात. ओटीपोटात दुखते का, अंगावरून पांढरे जाते का, हे प्रश्न एकांतात, सासू-आईला बाहेर बसवून विचारले तरच खरी उत्तरे मिळतात. उपचार चौदा दिवसांचा, आणि जोडीदाराला दिल्याशिवाय तो पूर्ण होत नाही.

पावसाळी तापांपैकी तीन इथे सांगितले पाहिजेत. लेप्टोत (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुताने दूषित पाण्यातून होणारा ताप) पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात. त्याच रुग्णाला छातीत दुखून थुंकीत रक्ताचे ठिपके दिसले तर फुप्फुसात रक्तस्राव सुरू झालेला असू शकतो आणि हातात काही तासच असतात. स्क्रब टायफस सत्तरी, सांगे, काणकोणच्या रानाकडेला, कुळागरांत (पोफळीच्या बागांत) आणि गवत माजलेल्या परसातही होतो. त्याची न दुखणारी काळी खपली काखेत, जांघेत, स्तनाखाली, कमरेच्या नाडीखाली लपलेली असते. कपडे न काढता तपासले तर ती सापडणार नाही. डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आठवडाभर, आणि बहुधा ४८ तासांत ताप उतरतो. सेफ्ट्रिअॅक्झोनच्या कितीही बाटल्या चढवल्या तरी उपयोग शून्य. तिसरा आजार मेलिओइडोसिस, माती-पाण्यातल्या जंतूमुळे होणारा. शेजारच्या कारवार-उडुपीच्या किनारपट्टीसारखीच आपली माती आणि आपला पाऊस, त्यामुळे चिखलात काम करणाऱ्या, विशेषतः मधुमेह असलेल्या तरुणाला छातीत दुखून न बरा होणारा न्यूमोनिया झाला तर तो मनात असावा. प्रयोगशाळेत हा जंतू ‘स्युडोमोनास’ म्हणून किंवा दूषित नमुना म्हणून बाजूला टाकला जातो. जेंटामायसिन आणि कोलिस्टिनला दाद न देणारा पण को-अॅमॉक्सिक्लॅव्हला मरणारा ऑक्सिडेज पॉझिटिव्ह जंतू मिळाला तर सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांशी फोनवर बोलून घ्यावे. सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम किमान १० ते १४ दिवस, मग को-ट्रायमोक्साझोल तीन महिने. हा दुसरा टप्पा कोणी गाळला तर आजार उलटतो.

नागिणीत पुरळ उठण्याआधी दोन-तीन दिवस छातीच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होते. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत असायक्लोविर सुरू झाले तर फायदा. मंत्र, लेप, गेरू यांत ते तास जातात. तिशीच्या आत नागीण झाली तर एचआयव्ही तपासून घेणे शहाणपणाचे. कॉक्सॅकी विषाणूने होणारी बरगड्यांखालची पेटक्यासारखी कळ, जिला डेन्मार्कच्या बॉर्नहोल्म बेटाचे नाव पडले आहे, ती भयंकर वाटते, पण आठवड्याभरात आपोआप जाते.

एक विषय किनारी गावांत उघडपणे बोलला जात नाही. सुईने नशा करणाऱ्या मुलाला ताप आणि छातीत चमक असेल तर हृदयाच्या उजव्या झडपेवर जंतूंचे थर बसून त्यांचे तुकडे फुप्फुसात जात असण्याची शक्यता असते. मर्मरध्वनी (झडपेतून येणारा सूंसूं आवाज) ऐकू येईलच असे नाही. अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी तीन वेगवेगळ्या जागांवरून रक्त घेऊन कल्चरला पाठवायचे, प्रत्येक बाटलीत आठ ते दहा मिलिलिटर. घरच्यांनी लाजेपोटी नशेची गोष्ट लपवली तर डॉक्टर चुकीच्या दिशेने शोधत राहतात. ही माहिती पोलिसांसाठी नसते.

लेप्टो टाळण्यासाठी आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन घेणाऱ्या शेतकऱ्यांना आणि कामगारांनाही छातीत जळजळून दुखते, गिळताना तर फारच. रात्री अंथरुणावर पडता पडता घोटभर पाण्याबरोबर घेतलेली कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटून तिथे व्रण करते. जेवणानंतर, भरपूर पाण्यासोबत, बसून किंवा उभ्याने घ्यावी आणि निदान अर्धा तास आडवे होऊ नये. गोळ्या वाटणाऱ्या कर्मचाऱ्यांनी एवढे सांगितले तर हे दुखणे टळते.

आरोग्य खात्याकडे आमचे मागणे मोठे नाही. छातीत दुखणाऱ्या चाळिशीच्या आतल्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर पाच गोष्टी लिहिणे सक्तीचे करावे : तापमान, नाडी, श्वासाची गती, ऑक्सिजन आणि गेल्या तीन आठवड्यांतला आजार. श्वासाची गती अंदाजे ‘वीस’ लिहायची पद्धत सर्वत्र आहे. ती घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजली जावी. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत कल्चरच्या बाटल्या कॅज्युअल्टीतच ठेवाव्यात, म्हणजे अँटिबायोटिकच्या आधी रक्त घेतले जाईल. आणि अॅझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन चिठ्ठीशिवाय विकण्यावर अन्न व औषध प्रशासनाने खरोखर लक्ष ठेवावे.

घरच्यांसाठी : ताप आणि छातीतल्या दुखण्यासोबत चक्कर येऊन पडणे, ओठ निळसर होणे, थुंकीत रक्त, आडवे होता न येणे, मानेच्या शिरा फुगणे, ऑक्सिजन ९४च्या खाली किंवा विश्रांती घेतानाही नाडी १२०च्या वर, यांतले एकही असेल तर दुचाकीवर मधे बसवून नेऊ नका, १०८ला फोन करा. निघताना घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटे, आधीचे ईसीजी व एक्स-रे आणि ताप कोणत्या तारखेला सुरू झाला याची चिठ्ठी सोबत ठेवा. ‘ती पांढरी गोळी’ एवढ्यावरून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांना कल्चर कोरे का आले, ते कळत नाही.

कळावे,

आपले,
अंतर्वैद्यक आणि छातीरोग विभागांत काम करणारे काही डॉक्टर,
फोंडा, गोवा